एनोराची आरोग्यवही

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. माझे प्लास्टिकचे कव्हर पिवळे पडले आहे आणि मधली दोन पाने सुटली आहेत. मी एनोराची आरोग्यवही. इथे फ्रान्समध्ये मूल जन्मले की त्याच्या नावाची माझ्यासारखी एक वही निघते. वजन, उंची, लशी, दुखणी, सगळे तिच्यात. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात डॉक्टर ल गॉफ यांनी पहिल्या पानावर सुंदर अक्षरात एनोराचे नाव लिहिले, तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आता तो आठवला की लाज वाटते.

डॉक्टर हुशार होते, पण तोंडाने तिखट. त्यांच्या दवाखान्यासमोर, रस्त्यापलीकडे, सोआझिग ही ऑस्टिओपॅथ होती. सांधे आणि स्नायू हातांनी चाचपून ती उपचार करायची. गावातल्या आया रडक्या बाळांना तिच्याकडे नेत आणि डॉक्टरांपासून ते लपवत. बारा वर्षांत त्या दोघांनी एकमेकांकडे धड पाहिलेही नव्हते.

एनोरा तीन महिन्यांची असताना मान एकाच बाजूला वळवत असे, म्हणून तिची आई रोझेन तिला सोआझिगकडे घेऊन गेली. सोआझिगचे हात मानेवरून पाठीवर, पाठीवरून पायांवर आले आणि थांबले.

“रोझेन, मान राहू दे. हा डावा पाय नीट उघडत नाहीये. खुबा तपासून घे, फोटो काढून घे. हे माझं काम नाही, डॉक्टरांचं आहे.”

“वहीत लिहून देतेस?”

“वहीत? मागे एका बाळाच्या वहीत लिहिलं, तर त्यांनी त्यावर रेघ मारली. चिठ्ठी देते, बाई.”

चिठ्ठी माझ्या कव्हरात गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर आमच्या आधी आत गेलेल्या बाईवर कडाडले, ते बाहेरपर्यंत ऐकू आले. “हाडं चोळणाऱ्यांवर एवढा विश्वास ना? मग ताप आला की तिकडेच जा!” रोझेनने गुपचूप चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली. मला ओरडता आले असते तर! आत एनोरा अंग ताठ करून रडत होती आणि बाहेर रांग होती. डॉक्टरांनी तिचे पाय घाईत हलवले आणि ‘खुबे’ या शब्दापुढे बरोबरची खूण केली.

पुढच्या वेळी मानेसाठी गेलो, तेव्हा सोआझिगने माझ्यातली ती खूण पाहिली. डॉक्टरांना सांगायला तिने फोन उचलला आणि परत ठेवला. “माझं कोण ऐकणार?” ती म्हणाली.

दीड वर्षाची एनोरा चालू लागली, ती झोके खात. आजी मात्र खूश. “आपल्याकडच्या बायका अशाच चालतात, पोरी. माझी आई लंगडायची, मी लंगडते. काही अडलं का आमचं?” आमच्या भागात लंगडणे घराण्याचा वारसा मानत. त्या कौतुकात आणखी आठ महिने गेले.

शेवटी शहरातल्या हॉस्पिटलात फोटो निघाला. खुब्याचा गोळा जागेवर नव्हताच. “तिसऱ्या महिन्यात कळलं असतं तर पाय उघडे धरणाऱ्या नुसत्या पट्ट्यांवर भागलं असतं,” सर्जनबाई म्हणाल्या. मग शस्त्रक्रिया, कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर, पुन्हा शस्त्रक्रिया. माझी पाने भराभर भरली. इतकी भरलेली वही चांगली नसते, मित्रांनो.

रोझेनने रडत रडत डॉक्टरांना चिठ्ठीचे सांगितले. ते मला हातात घेऊन तडक रस्ता ओलांडून सोआझिगकडे गेले.

“फोन का नाही केलात?”

“तुम्ही ऐकलं असतं?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून दर मंगळवारी दोघे मिळून बाळे तपासतात. शंका आली की तिथल्या तिथे बोलतात, वहीत लिहितात, भांडतातही. “तुमचे हात बर्फ आहेत, डॉक्टर, म्हणून बाळ ताठ होतं!” गेल्या वसंतात त्यांनी सहा आठवड्यांच्या एका बाळाचा खुबा वेळेत पकडला. त्याची आई दोघांचे हात धरून आभार मानत होती. चौदा वर्षांची एनोरा आपल्या नंबरची वाट पाहत बाकावर बसली होती. तिचा डावा पाय आखूड राहिला आहे, म्हणून त्या बुटाचा तळ जाड आहे.

“हे आधी का नाही सुरू केलंत?” तिने विचारले. सोआझिगने खाली बसून तिच्या बुटाची नाडी सोडली आणि डॉक्टरांनी मला उघडले.

मित्रांनो, बाळाला कोणाकडेही न्या, पण एकाचे दुसऱ्याला सांगा. भीड वाटली तरी सांगा, बोलणी बसली तरी सांगा. बाळाला बोलता येत नाही. आणि कुणी लिहिल्याशिवाय मलाही येत नाही.