माफी कशाबद्दल

मी हप्ता चुकवला की आमच्या घराचा स्लॅब चार बोटं खाली येतो. महिन्याच्या पाच तारखेला, सकाळी बरोबर दहा वाजता, तिकडे बँकेचं शटर वर जातं तेव्हा. आवाज होत नाही, धूळही पडत नाही. भिंती तेवढ्या आखूड होतात, खिडक्या तेवढ्या चपट्या होतात, आणि आम्ही पुन्हा चहाला लागतो.

घर परभणीत आहे. मागे दोन खोल्या, पुढे बाबांचं दुकान, कोरडे केश कर्तनालय. स्लॅब दोन्हींवर एकच आहे. दुसऱ्या महिन्यात आम्ही पंखा काढला, सहाव्या महिन्यात माळ्यावरच्या पेट्या खाली घेतल्या, नवव्या महिन्यात बाबांनी दुकानातल्या आरशाची वरची पट्टी कापून आणली. गिऱ्हाइकांनी पहिले काही दिवस वर बघितलं, मग तेही सोडलं. माणूस कशालाही सरावतो, आणि दाढी तर करायचीच असते.

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे, बाबांची पुरी सहा फूट. त्यामुळे कर्ज माझं असलं तरी ते आधी बाबांच्या डोक्याला टेकलं. मी बँकेत जाऊन हे सांगितलं. जामीनदाराचं तसंच असतं, असं तिथल्या माणसाने संगणकावरून नजर न उचलता सांगितलं.

मी ते कर्ज काढून बी.फार्म. केलं. कॉलेजच्या जाहिरातीत शंभर टक्के नोकरीची हमी होती आणि ती त्यांनी पाळली, मला स्टेशन रोडवरच्या एका मेडिकलमध्ये नोकरी लागली. पगार नऊ हजार, हप्ता अकरा हजार. मला लाज वाटली असती तर सगळंच सोपं गेलं असतं. मला राग येत होता, आणि तो दिवसाकाठी एकदाही कमी होत नव्हता.

बाबांचं सांगते. बत्तीस वर्षं त्यांनी या गावाला एकच वाक्य ऐकवलं आहे, "मान खाली घ्या जरा." तहसीलदार असो, फौजदार असो, नगरसेवक असो, बाबांनी दोन बोटं टाळूवर ठेवली की मान खाली जाते. त्याचा त्यांना मनातून अभिमान आहे. आई मी सातवीत असताना गेली, तेव्हासुद्धा तेराव्याला ते ताठ उभे होते. तो माणूस तेराव्या हप्त्यापासून आपल्याच दुकानात वाकून कात्री चालवायला लागला. खुर्चीचे पाय कापून झाले होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते गल्लीत जायचे, विजेच्या खांबाला पाठ लावून सरळ व्हायचे आणि थोडा वेळ तसेच थांबायचे. मी मेडिकलमधून जेवायला येताना त्यांना तसं पाहायचे आणि न पाहिल्यासारखं करायचे.

ज्यांना आता सरळच होता येत नाही, असेही आमच्या गल्लीत आहेत. समोरचे इंगळे सर. त्यांनी बी.एड.साठी कर्ज काढलं आणि हप्ते चुकत-भरत अकरा वर्षं वाकून फेडलं. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी त्यांच्या घराचा स्लॅब एका दमात वर गेला, पण सर तिथेच राहिले. त्यांची पाठ कमरेपासून टेबलासारखी आडवी आहे. ते माणसं चपलांवरून ओळखतात.

चौदाव्या हप्त्यानंतर गावात शैक्षणिक कर्जमाफी कक्ष उघडला. बातमी आली तेव्हा इंगळे सर दुकानात दाढीला बसले होते.

"माझा विरोध आहे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "मी फेडलं. मुलीचं लग्न पुढे ढकललं, पण फेडलं. मग यांना माफी कशी?"

"सर, तुम्हाला त्रास झाला म्हणून मलाही व्हायलाच पाहिजे का?" मी विचारलं.

"तू मेडिकलमधल्या त्या निळ्या स्लिपर घालून आली आहेस," सर म्हणाले. "म्हणजे घाईत आहेस. घाईत असं बोलू नये."

बाबांनी त्यांची हनुवटी खालून फिरवून गालावर वस्तरा धरला. तेवढ्यावर तो वाद थांबला.

कक्ष एका मंगल कार्यालयात होता. रांग आत शिरत होती आणि मागच्या दाराने बाहेर पडत होती. आत जाणारी मुलं सरळ चालत होती. बाहेर येणारी वाकलेली होती. त्यांच्या घरांचे स्लॅब वर गेल्याचे फोन तिथेच येत होते, आणि ती मुलं फोन कानाला लावून आपल्या बुटांकडे बघत "हो का, बरं झालं" म्हणत होती.

टेबलामागे पेडगावकर नावाचे साहेब होते. त्यांनी माझा फॉर्म वाचला आणि पेन सातव्या रकान्यावर ठेवलं.

"हा कोरा आहे."

सातव्या रकान्यात छापलं होतं, माफी कशाबद्दल मागत आहात.

"मी कर्जमाफीसाठी आले आहे," मी म्हणाले. "माफी मागायला नाही."

"मॅडम, मराठीत शब्द एकच आहे. त्याला कार्यालय काय करणार?"

"बाकीचे काय लिहितात?"

"आम्ही सुचवत नाही." त्यांनी माझ्या पुढच्यांचे फॉर्म माझ्याकडे वळवले. एकाने लिहिलं होतं, हौस म्हणून शिकलो. एकीने लिहिलं होतं, घरच्यांनी सांगूनही ऐकलं नाही. तिसऱ्याने शाळेतल्या चिठ्ठीसारखं लिहिलं होतं, पुन्हा असे होणार नाही.

"लिहायचं, आणि मग इथे कपाळ टेकून एकदा तोंडी म्हणायचं," साहेबांनी टेबलावरची जागा दाखवली. काचेवर तिथे तेलकट डाग पडला होता. "जामीनदारांनीही. त्यांनी सही केली होती ना?"

बाबा माझ्या मागे होते. मंगल कार्यालयाचं छत उंच होतं, आणि कित्येक दिवसांनी ते छपराखाली सरळ उभे होते. ते पुढे आले.

"मी मागतो की," ते म्हणाले. "दोन शब्द तर हायेत. मपलं काय जातंय?"

"बाबा, नको."

"कामून नको? पुढच्या पाचला ते तुह्या डोक्याला टेकतंय. मी बघू का तसं?"

ते वाकायला लागले. मी त्यांच्या हनुवटीखाली दोन बोटं घातली आणि त्यांची मान वर केली. हे काम ते करतात, मी कधी केलं नव्हतं. त्यांची दाढी वाढलेली होती. ते माझ्याकडे बघत राहिले आणि पुन्हा वाकले नाहीत.

मी सातव्या रकान्यात लिहिलं, माफी मागत नाही, कर्ज रद्द करा.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "रद्द असा रकाना नाही," ते म्हणाले.

"म्हणून तर सातव्यात लिहिलं."

"पाच तारखेला आमचा माणूस मोजायला येईल," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

पाच तारीख गुरुवारी आली. मी मेडिकलमध्ये रजा टाकली. पावणेदहाला मी दुकानाच्या मधोमध उभी राहिले. बाबांना मी दोनदा बाहेर जायला सांगितलं. ते गुडघे मोडून, मान कलती करून इंगळे सरांच्या तोंडाला साबण लावत होते. सरांना आमचं दुकान अजिबात बुटकं वाटत नव्हतं, गावात तेवढेच एक गिऱ्हाईक आरामात बसत होते. दारात कक्षाचा माणूस मोजपट्टी घेऊन उभा होता. त्याने दहा वाजल्याचं सांगितलं.

स्लॅब माझ्या केसांना लागला, मग डोक्याला. तो थंड होता. मी वाकले नाही. मला वाटलं होतं की खूप दुखेल, पण आधी फक्त वजन कळलं, आणि वजन कळल्यावर माझा राग अगदी स्वच्छ झाला. माझे दात दातांवर घट्ट बसले. पायाखालची फरशी तडकली.

"कांचन," सर खुर्चीतून म्हणाले, "तुझ्या टाचा फरशीत चालल्या आहेत."

"जाऊ द्या."

"अजून दोन बोटं बाकी आहेत," मोजपट्टीवाला म्हणाला. "मॅडम, जरा मान खाली घ्या. माझ्यासमोर कुणी मेलं तर मला लिहून द्यावं लागतं."

बाबांनी वस्तरा मिटून खिशात ठेवला. ते माझ्या शेजारी आले, स्लॅबखाली खांदे लावले आणि गुडघे सरळ करायला लागले. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. माझ्या डोक्यावरचं वजन एका केसाएवढं कमी झालं.

"असं करता येत नाही," मोजपट्टीवाला म्हणाला. "वर ढकलायची तरतूद नाही."

"तुह्या तरतुदीला सांग, कोरड्याच्या दुकानात ये म्हणावं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फुटत होता. त्यांना मी आयुष्यात इतकं भ्यालेलं पाहिलं नव्हतं, आणि ते हलत नव्हते.

स्लॅब थांबला नाही. माझे पाय घोट्यांपर्यंत फरशीत गेले. मला कळत होतं की आम्ही दोघं पुरणार नाही. मी माफी हा एक शब्द बोलले असते तर बाबा सुटले असते. तो शब्द माझ्या तोंडापर्यंत आला आणि मी तो गिळला.

इंगळे सर उठले. त्यांच्या एका गालाला साबण होता. ते फरशीवरच्या भेगा बघत बघत आमच्यापर्यंत आले.

"माझा माफीला विरोध आहे," ते म्हणाले. "आजही आहे."

"माहीत आहे, सर."

"पण तू मागत नाहीयेस." त्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं, माझ्या बुडालेल्या आणि बाबांच्या थरथरणाऱ्या. "मला कुणी सांगितलंच नाही की नाही वाकलं तरी चालतं."

ते आमच्या मधे शिरले. त्यांनी हात गुडघ्यांवर रोवले, आपली आडवी पाठ स्लॅबखाली आणली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती वर उचलायला सुरुवात केली. मोजपट्टीवाला काहीतरी ओरडत मागे सरला. मग कडाड असा मोठा आवाज झाला, माझ्या डोक्यावरचं वजन सुटलं, आणि तो आवाज स्लॅबचा होता की सरांच्या पाठीचा, हे बघायला मी मान वर केली.