सात किलोच्या आत

मनोरीत पुतळाबाईच्या हाताला लोक काटा म्हणत. मालाडच्या बाजारात ती चाळीस वर्षं मासळी विकत होती, पण तिचा तराजू टोपलीखालीच पडून असे. मासा उचलायचा, मनगट जरासं सैल सोडायचं आणि वजन सांगून मोकळं व्हायचं. कुणी शहाण्याने मोजून बघितलंच, तर दहा-वीस ग्रॅमचा फरक निघे, आणि तोही गिऱ्हाइकाच्याच फायद्याचा.

या पुतळाबाईची नात रुचिका. दहावीतली. शाळेतर्फे वादविवाद स्पर्धेला दिल्लीला निघालेली, तीही विमानाने. वर्षभरापूर्वी हजेरीलासुद्धा हळूच 'यस' म्हणणारी ही पोरगी आता माइक हाती आला की समोरच्या संघाला घाम फोडायची. कुठलीही बाजू द्या, ती खरी करून दाखवणार.

दिल्लीत नीलमआत्या राहायची, पुतळाबाईची धाकटी लेक. तिला सातवा महिना लागला होता. अन्नाचा वाससुद्धा नकोसा झालेला, पण डोहाळे मात्र आईच्या हातच्या सुक्या बोंबलांचे. पुतळाबाईने बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेल्यांतला एकेक बोंबील पारखून काढला आणि चांगलं दोन किलोचं गाठोडं बांधलं.

"आजी, एवढं नाही मावणार गं. हातातली बॅग सात किलोच्या आतच लागते."

"मग मोठी बॅग ने की. ती विमानाच्या पोटात टाकतात ना?"

"ते चेक-इन. मॅडमनी नको म्हणून सांगितलंय. मग बॅग येईपर्यंत सगळ्यांना ताटकळत उभं राहावं लागतं."

मॅडमनी असलं काही सांगितलं नव्हतं. शर्मिष्ठा मॅडम उलट म्हणाल्या होत्या, पंधरा किलो तिकिटातच धरलेत, ज्याला हवं त्याने खुशाल टाका. पण संघात गंधाली होती. आठवीत एकदा हीच गंधाली नाकाला रुमाल लावून म्हणाली होती, "रुचिका आली, पंखा वाढवा रे." अख्खा वर्ग हसला होता. रुचिकाही हसली होती, आणि तेच तिला अजून झोंबत होतं.

पुतळाबाईने हुज्जत घातली नाही. भरलेली बॅग एका हाताने उचलली.

"पावणेसहा," ती म्हणाली. मग गाठोडं सोडलं, निम्मे बोंबील काढले, उरलेले तीन पिशव्यांत गुंडाळून वरून चिकटपट्टी मारली आणि ते पुडकं बॅगेत सारलं. "हे किलोभर. झाली पावणेसात. आता बस?"

रुचिकाकडे मुद्दाच उरला नाही. पण मुद्दा नसताना कसं बोलायचं, हेच तर ती वर्षभर शिकली होती. बॅग घेऊन ती शेजारच्या कृणालदादाकडे गेली, त्याच्या ओट्यावर दोन मिनिटं नुसती बसली आणि परत आली.

"दादाच्या काट्याला लावून बघितली आजी. सात किलो आठशे."

पुतळाबाईने बॅग पुन्हा उचलली. या वेळी जरा जास्तच वेळ धरली. मग नातीच्या तोंडाकडे बघितलं. परीक्षकांना देतात तशी रुचिकाने नजरेला नजर दिली.

"असेल गो बाय," पुतळाबाई म्हणाली. "हात म्हातारा झाला माझा."

आणि पुडकं तिने स्वतःच बाहेर काढलं.

सकाळी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने बॅग वजनाला ठेवायला लावली. लाल आकडा उमटला, पाच पॉइंट सात.

"अजून किलोभर सहज बसलं असतं," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या. "खाऊबिऊ काही घेतला नाहीस वाटतं?"

शेजारी गंधालीने कपाटाएवढी गुलाबी बॅग चेक-इनला टाकली. दिल्लीत उतरल्यावर त्या बॅगेसाठी सगळा संघ अर्धा तास पट्ट्यापाशी उभा होता. कुणी हूं की चूं केलं नाही. बॅग आली तेव्हा ती ओढून काढायला रुचिकानेच हात लावला.

बाहेर नीलमआत्या पोटावर शाल ओढून उभी होती. "भात लावूनच निघालेय," ती हसत म्हणाली. "काढ माझं पुडकं."

"वजन जास्त झालं आत्या. ठेवून यावं लागलं."

"जास्त? आईने उचलून नाही बघितलं?"

"बघितलं. चुकलं तिचं."

"आईचं चुकलं?" घरात कुणाला मोठं दुखणं निघाल्याचं कळावं, तसा आत्याचा चेहरा झाला. तिने तिथेच फोन लावला, स्पीकरवर टाकला. "आई, हाताला मुंग्या येतात का गो तुझ्या? डॉक्टरला दाखव. आणि तराजू वापरत जा आता. उगाच लोकांची बोलणी नको."

फोनमधून बाजाराचा कलकलाट येत होता. एक वाक्य बोलायचं होतं रुचिकाला, फक्त एक. पण गंधाली तीन हातांवर कान टवकारून उभी होती. दोन्ही बाजूंनी बोलू शकणारी रुचिका एकाही बाजूने बोलली नाही.

"काढला गो तराजू आजच," पुतळाबाई म्हणाली. "पोरगी पोचली ना नीट? काही खाल्लं का विचार तिला."

मागून कुणीतरी विचारलं, "मावशी, हे पापलेट किती भरेल?"

पुतळाबाईने आकडा सांगितला नाही. तराजूचं पारडं खणकलं.