गिरणीचा थांबा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत विजयसिंहाचं बिऱ्हाड आणि चष्म्याचं दुकान होतं आणि शहराबाहेर पाचगावात आईबापाचं घर. दुकानात बसून तो लोकांना लांबचं नीट दाखवायचा. घराच्या बाबतीत मात्र त्याला स्वतःला सगळं जवळच दिसायचं. वडील आधीच गेलेले, तीन वर्षांपूर्वी आईही गेली. घर वर्षभर कुलपात राहिलं, मग त्यानं ते रंगवलं, दोन एसी बसवले आणि फिरायला येणाऱ्या लोकांना दिवसाच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. मोबाईलवरच्या जाहिरातीत ‘ठिकाण आणि येण्याजाण्याची सोय’ असा एक रकाना असतो. तो त्यानं स्वतः लिहिला होता आणि त्याचा त्याला भारी अभिमान. अंबाबाईचं देऊळ दहा मिनिटांवर, रंकाळा लागूनच, रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. आता पाचगावातून मारलेली हाक स्टेशनवर ऐकू जायला गळा कसला पाहिजे, ते सोडून द्या. कोल्हापूरकराला अंतर विचारलं की तो ‘हितंच हाय की’ म्हणतो, आणि विचारणारा चालून चालून मेटाकुटीला येतो. विजयसिंह खोटारडा नव्हता, फक्त जन्मानं कोल्हापूरकर होता.

श्रावणात देवळाला गर्दी, त्यामुळे घर सहसा रिकामं राहत नसे. पाहुण्यांचे प्रश्नही ठरलेले. गाडी लावायला जागा आहे का, रिक्षा दारापर्यंत येते का, मटण कुठलं चांगलं. उत्तरं त्यानं एकदाच लिहून ठेवली होती. प्रश्न आला की उत्तर डकवायचं आणि पुन्हा गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची.

नागपंचमी आणि तिचा आदला दिवस, असे दोन दिवस कुणा टी. पाटलांनी घेतले होते. कोल्हापुरात दगड भिरकावला तर तो पाटलाला तरी लागतो, नाहीतर त्याच्या भावकीला, त्यामुळे विजयसिंहानं त्या नावाकडं दुसऱ्यांदा बघितलंही नाही. पंचमीच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना त्या पाटलांचा प्रश्न आला:

‘गाडी नाही, बसनं येणार. बस गिरणीजवळ थांबते ना? उतरल्यावर ओढ्याच्या कडेनं आलं तर चालेल का, की शाळेला वळसा घालून यायचं?’

‘नमस्कार, बसस्थानकावरून...’ एवढं लिहून त्याचं बोट थांबलं.

पिठाची गिरण बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. तिथं आता मोटारसायकलींचं शोरूम होतं आणि बसथांब्याच्या पाटीवर एका मंगल कार्यालयाचं नाव होतं. गिरण कुठल्या नकाशात नव्हती. आणि ओढ्याची वाट तर कधीच रस्ता म्हणून नव्हती. तिकडं साप निघतात म्हणून आईनं ती बंद केली होती, आणि म्हणूनच शाळा सुटल्यावर चपला हातात घेऊन दोन पोरं तिथूनच घरी यायची. एक विजयसिंह. दुसरी त्याची थोरली बहीण वर्षाराणी, जी लग्न होऊन हुपरीला गेली होती. तिची मुलगी तेजस्वी. तेजस्वी पाटील.

त्यानं वर सरकवून बुकिंगवरचं नाव पुन्हा वाचलं. टी. पाटील.

पंचमीला लेकीला माहेरी न्यायला सासरी जो माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. अक्काच्या लग्नानंतर तो मान विजयसिंहाचा होता. एसटीच्या खिडकीत बसून तो हुपरीला जायचा आणि तिला घेऊन यायचा. पुढं ती पोरांना घेऊन आपली आपण यायला लागली, कारण दारात आई उभी असायची. आई गेल्यावर दोन वर्षं ती काही बोलली नाही. गेल्या वर्षी मात्र तिनं फोन केला होता. ‘विजू, पंचमीला येऊ का?’ त्यानं सांगितलं, ‘अगं, घरात पावणं हायत. पुढच्या म्हैन्यात ये की, निवांत.’ ती ‘बरं’ म्हणाली. तो पुढचा महिना काही उजाडला नाही. राखी कुरिअरनं आली, तेव्हा त्यानं फोटो काढून ‘मिळाली’ असं कळवलं होतं.

आता बहीण भाडं भरून माहेरी निघाली होती आणि वाट कुठली ते भावालाच विचारत होती. विजयसिंहाला लाज वाटली. नुसती वाटली नाही, कान तापले.

तीनदा त्यानं उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. मग घाईघाईत एक काम केलं. बुकिंग रद्द केलं. अक्काकडून पैसे घेऊन तिला घरात घ्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शटर ओढलं, बायकोला ‘हुपरीला चाललोय’ म्हणून फोन केला आणि गाडीला किक मारली.

उचगाव मागं पडलं, पट्टणकोडोली मागं पडलं, तसा तो स्वतःवर जरा खूशच व्हायला लागला. आपण शोभणारं काहीतरी केलं, असं त्याला वाटत होतं. त्या रद्द करण्याचा निरोप पलीकडच्या फोनवर कसा उमटला असेल, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्यांच्या नजरेचे नंबर काढून पोट भरणाऱ्या माणसाला एवढंही दिसू नये!

हुपरीत अक्काच्या घरी पुढच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीतच, चांदीच्या पैंजणांचं काम चालायचं. दार तेजस्वीनं उघडलं. तिचं तोंड उतरलेलं होतं. अक्का पाटावर बसून पैंजणाला घुंगरं लावत होती. शेजारी कॉटवर एक पिशवी उघडी पडली होती आणि दोन घडीची लुगडी बाहेर काढून ठेवलेली होती.

‘या पावणं,’ अक्का म्हणाली. मान वर केली नाही. ‘तेजू, मामाला च्या टाक.’

तेजस्वीनं एकच कप आणला.

‘अक्काला?’ विजयसिंहानं विचारलं.

‘तिचा कडक उपास हाय की मामा. उद्या पंचमी न्हवं का. भावाचा उपास.’

त्यानं कप तसाच खाली ठेवला.

‘बुकिंग रद्द केलंस,’ अक्का शांतपणे म्हणाली. हात चालूच होते.

‘व्हय. तुझ्याकडनं पैसे कसं घ्यायचं...’

‘गेल्या वर्साला म्हणलास, घरात पावणं हायत. म्हटलं बरं, यंदा आपणच पावणं हून जावं. कापडं भरून सकाळपास्नं बसलोतो.’ तिनं एक घुंगरू दाबून बसवलं. ‘आमीच हाय, हे तुला ठावं हुतं?’

‘गिरण वाचली तवा कळलं.’

‘आणि कळल्यावर रद्द केलंस. भाड्यानंबी न्हाय व्हय, विजू?’

आपण केलेलं तिच्या बाजूनं कसं दिसलं, ते विजयसिंहाला आत्ता कळलं. तो खाली तिच्यासमोर फरशीवर बसला. चाळीस पार केलेला माणूस, पण डोळे भरून आले आणि ते त्यानं लपवलेही नाहीत.

‘तू इचारलंस, कसं यायचं,’ तो म्हणाला. ‘लिवाय बसलो, तर लिवता येईना. आपल्याच घरला कसं यायचं, हे अक्काला काय लिवून सांगायचं? म्हणून उठलो आणि न्यायला आलो. पैसे नगं म्हणून रद्द केलं गं, तू नगं म्हणून न्हवं.’

अक्काचे हात थांबले. तिनं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मांडीवरचं पैंजण बाजूला ठेवलं, पदरानं डोळे टिपले आणि आत वळून हाक मारली.

‘तेजू, मुराळी आलाय गं. कापडं परत भर.’