नांदेडपुरती बॅट

उमाशंकरअप्पांनी चौथी बॅट काउंटरवर ठेवली, तेव्हा मंजुश्रीनं आधी दांड्याला बांधलेली किमतीची चिठ्ठी उलटून पाहिली आणि मग बॅट.

"यापेक्षा कमीची?"

"हाय की. पण ताई, पोरगी किती दिवस खेळणार ते सांगा. एका वर्षाचं काम असलं तर साधी बास झाली. पुढंबी खेळणार असंल तर दुसरी दाखवतो."

मंजुश्रीनं लेकीकडं पाहिलं. दीपमाला भिंतीवर टांगलेल्या व्हॉलीबॉलच्या जाळ्यांकडं बघत उभी होती.

"दाखवा तुमच्या मनानं," मंजुश्री म्हणाली आणि दारापाशी ठेवलेल्या स्टुलावर बसली.

अंगात अजून खाकी गणवेशच होता. पहाटे पावणेपाचची निलंगा-लातूर गाडी, मग परत, मग पुन्हा तीच फेरी. दुपारी डेपोत हिशेब देऊन ती बाहेर आली, तर दीपमाला शाळेतून येऊन थांबलेली. दिवसभर ज्या रस्त्यानं तिकिटं काढली त्याच रस्त्यानं ती आता लेकीला घेऊन प्रवासी म्हणून लातूरला आली होती. शाळेची सॉफ्टबॉलची बॅट तडकली होती आणि नांदेडच्या निवड चाचणीला आठच दिवस उरले होते. ज्यांना जमेल त्यांनी आपापली आणावी, असं सरांनी सांगितलं होतं.

नांदेडनंतर हे थांबवायचं, हे मंजुश्रीनं ठरवलं होतं. नवरा पुण्याला कंपनीत. पुढच्या वर्षी दहावी. दर सामन्याला पोरीसोबत कोण जाणार? मागच्या खेपेला रजेसाठी साहेबांपुढं तीनदा उभं राहावं लागलं होतं. बॅट घेतली की तिथंच कुठं चहा पिताना पोरीला नीट समजावून सांगायचं, असं ती गाडीत घोकत आली होती.

डोक्यावरचा पंखा संथ फिरत होता. तिनं कपाटाला डोकं टेकलं.

जाग आली तेव्हा रस्त्यावरचं ऊन समोरच्या दुकानांवर चढलं होतं. ती दचकून उठली.

"बसा, बसा," अप्पा म्हणाले. "अर्धाच तास झाला. पोरीनं उठवू दिलं न्हाई. बॅट फिरवून बघायलाबी बाहेर बोळात जाऊन आली. इथं आवाज होतो म्हणली."

काउंटरवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली बॅट होती, वरून सुतळी बांधलेली. कागदाबाहेर आलेली मूठ पाहूनच मंजुश्रीनं ओळखलं. सगळ्यात स्वस्त होती ती.

"ही घेतलीस?"

"हां."

"मी सांगितलं तिला," अप्पा म्हणाले, "आखूड पडती म्हणून. ऐकत न्हाई."

"दीपे, आखूड हाय म्हणतेत अप्पा."

"असू दे. नांदेडपुरतीच तर लागती."

दीपमाला खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. आवाजात रुसवा नव्हता.

"कोण म्हणलं तुला?"

"परवा पप्पाशी बोललीस न्हवं फोनवर? मी मागं कपडे वाळू घालत होते." ती उभी राहिली. "मला राग न्हाई मम्मी. तू लई थकतीस."

अप्पा उगाचच चेंडूंचा खोका सारखा करू लागले.

जे सांगायला मंजुश्रीला निलंग्यापासून शब्द सापडत नव्हते, ते पोरीनंच उरकून टाकलं होतं. आता पैसे द्यायचे आणि साडेपाचची गाडी धरायची, एवढंच उरलं होतं. गाडीत बसायला जागा मिळाली तर घरापर्यंत झोपताही आलं असतं. तिनं पर्स उघडली, आत हात घातला आणि तसाच ठेवला.

मग पर्स बाजूला ठेवून ती सुतळीची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती. नखानं सुटेना, तेव्हा तिनं दात लावला.

"अप्पा, वाढत्या अंगाची दाखवा एखादी."

अप्पांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि स्टूल ओढून वरच्या फळीवरची लांब बॅट काढली. निळी होती. फडक्यानं पुसून त्यांनी ती दीपमालाच्या हातात दिली.

"एका हातानं धर. हात बाजूला, सरळ. मी वीस म्हणेपर्यंत खाली आली न्हाई तर झेपती."

त्यांनी मोजायला सुरुवात केली. दहापर्यंत हात ताठ होता. तेराला बॅटीचं टोक थरथरू लागलं. पोरीनं ओठ दाबून धरले. सोळाला बॅट गुडघ्यापर्यंत आली.

"मूठ सोडून जरा वर धरून खेळली तर चालंल," अप्पा म्हणाले. "पण जडच हाय."

"जड पडती मम्मी," म्हणत दीपमालानं बॅट परत देण्यासाठी पुढं केली.

मंजुश्रीनं ती घेतली नाही.

"आत्ता पडंल जड," ती म्हणाली. "बांधा अप्पा."