गिलाव्याखालची गांधार शैली

धोंडीबा गवंडी म्हणजे नुसत्या डोळ्यानं भिंतीचा सरळपणा ओळखणारा माणूस. पण पंचेचाळिसाव्या वर्षी गडी दहावीला बसला आणि बाजारहत्नूरच्या आसपास हसू पिकलं. कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. त्याच्या वस्तीत बुद्धविहार बांधायचा होता, निधी मंजूर झाला होता, आणि अट अशी की काम पाहणारा मेस्त्री दहावी पास पाहिजे. वीस वर्षं दुसऱ्यांची देवळं उभी केली, आता आपला विहार परका माणूस बांधणार? धोंडीबाला ते सोसेना. त्यानं ओपन स्कूलचा फॉर्म भरला.

बाकीचे विषय कसेबसे उरकले. अडलं ते प्राचीन शिल्प आणि स्थापत्य. घ्या! गवंडीच स्थापत्यात अडला. मुलगी प्रगती शिकवायची आणि हा पुस्तकाशीच भांडायचा.

"लेणं वरून खाली कोरत आले? कळस आधी, पाया मागून? कोन्या येड्याचं काम हाय हे?"

"बाबा, पेपरात असं लिहू नका."

"लिहीन त! एवढं नीट येड लागाले नशीब लागते."

पुस्तक अभ्यासकेंद्राचं, चौघांत एक, तीन दिवसांत परत. मग धोंडीबानं आपली अक्कल चालवली. उद्धवरावांच्या नव्या घराचं काम त्याच्याकडे होतं. तिथल्या स्वयंपाकघराच्या उघड्या विटांवर त्यानं अख्खा धडा कोळशानं उतरवला. खिडकीच्या डावीकडे गांधार, उजवीकडे मथुरा, चौकटीवर स्तूपाचे भाग. जेवढं पाठ होईल तेवढ्या तुकड्यावर गिलावा. पाठ नाही, तर गिलावा नाही. उद्धवराव विचारत, "हे भिंत अजून उघडीच काऊन?" तर हा म्हणे, "अवघड हाय, मालक."

शनिवारी तो हॉलतिकीट आणायला आदिलाबादला गेला. रविवारी वास्तुशांत, सोमवारी पेपर. परत येऊन बघतो तर काय, कामावरचा जोडीदार सुधाकरनं सगळी भिंत गुळगुळीत करून ठेवलेली! वर म्हणतो कसा, "दादा, तुमचं ओझं हलकं केलं."

"मेल्या, अर्धा धडा जित्ता गाडला की रे माझा!"

धोंडीबा रडकुंडीला आला. तसाच तडक उद्धवरावांपुढे जाऊन उभा राहिला.

"मालक, थोडा गिलावा फोडू द्या."

"काऊन?"

"आत माझी गांधार शैली हाय."

उद्धवरावांनी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ऊन लागलं काय तुले? उद्या भटजी येऊन राह्यले, पाहुणे येऊन राह्यले, अन तुले भिंत फोडाची हाय?"

"हात जोडतो. नापास झालो त आमचा विहार दुसराच कोनी बांधन."

"मंग पाठ करून ठेवाचं होतं!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "गांधारचा दगड काळपट, निळसर. केस कुरळे, वस्त्राले चुन्या. ग्रीकांची छाप."

दोघं गर्रकन वळले. उद्धवरावांची बायको आशाबाई सूप घेऊन ज्वारी निसत बसली होती. मान वर न करता ती पुढं म्हणाली, "मथुरेचा दगड लाल, त्याच्यावर ठिपके. अमरावतीचा पांढरा. चैत्य प्रार्थनेचा, विहार भिक्षूंनी राह्याचा. स्तूपाच्या घुमटाले अंड म्हनतात, त्याच्यावर हर्मिका, तिच्यावर छत्री."

"तुले कसं येते हे?" उद्धवरावांनी आ वासला.

"पंधरा दिवस त्या भिंतीसमोर बसून निसून राह्यली. डोळे कुठं ठेवू? सातवीत शाळा सुटली माही, वाचनं नाई सुटलं."

धोंडीबानं तिथंच फतकल मारली. "वैनी, पुन्यांदा सांगा. हळू सांगा."

वास्तुशांतीच्या दिवशी घरात भटजींचे मंत्र चालले होते आणि परसातल्या चुलीपाशी वेगळंच पारायण. आशाबाई पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारी आणि धोंडीबा पाटावर बसून उत्तरं देई. उत्तर चुकलं की पोळी ताटात पडत नसे. पाहुण्यांना वाटलं, गवंड्याचाही काही मान असेल वास्तुशांतीत. कुणी काही विचारलं नाही.

निकाल लागला. धोंडीबा पास! शिल्प-स्थापत्यात तर सगळ्यांत जास्त, एकाहत्तर. प्रगतीनं मोबाइल पुढं धरला आणि एवढा दांडगा माणूस पोरीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. त्याला त्याची लाज वाटली नाही, आणि का वाटावी?

विहाराच्या पायाभरणीला सारी वस्ती लोटली. विहार समितीचे अध्यक्ष पहिली वीट उचलायला वाकले, तर ती धोंडीबाच्या हातात. तो गर्दीतून वाट काढत मागं गेला, उद्धवरावांशेजारी आशाबाई उभी होती तिथं, आणि वीट त्यानं तिच्यापुढं धरली.

"मी? मले कुठं येते?"

"मले तरी कुठं येत होतं, वैनी?"

आशाबाईनं पदर खोचला. सगळ्यांसमोर पायाच्या चरात उतरली, वाकली आणि कालवलेल्या सिमेंटावर वीट ठेवली. चांगली दोन बोटं तिरपी बसली. सुधाकर थापी घेऊन नीट करायला धावला, तर धोंडीबानं त्याचं मनगट धरलं.

"हात नको लावू," तो म्हणाला. "राहू दे तशीच."