मुदतीआधी थकलेला वजनकाटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. फार जुना मात्र नाही, आणि माझं भांडण नेमकं तिथेच आहे. माझ्या पाठीवर पत्र्याची एक पट्टी ठोकलेली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, 'मुदत पंधरा वर्षे'. मी तेराव्या वर्षी थकलो. दोन वर्षं आधी थकणं हा गुन्हा आहे का, ते तुम्हीच ठरवा. पण आधी सगळं ऐकून घ्या. मी फार दिवस गप्प बसलो होतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या डोक्यावर पांढरं पत्र्याचं ताट आहे. बाळ घरंगळू नये म्हणून ते दोन्ही बाजूंनी वर वळवलेलं आहे. पुढे गोल तबकडी, तिच्यावर शून्यापासून दहा किलोपर्यंतचे आकडे आणि दर पन्नास ग्रॅमला एक बारीक रेघ. आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, माझी स्प्रिंग. ताटावर वजन आलं की ती ताणली जाते, आणि ती ताणली गेली की काटा फिरतो. एका किलोला ती जेवढी ताणली जाते, त्याच्या बरोबर दुप्पट दोन किलोंना आणि तिप्पट तीन किलोंना. एवढा साधा हिशेब आहे. कारखान्यातल्या तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर एकेक किलोची पितळी वजनं चढवत नेली. दहाही वेळा काटा रेघेवर येऊन थांबला. त्या म्हणाल्या, "हा शहाणा आहे." त्यानंतर माझ्यावर पितळी वजन ठेवायला कुणालाही सवड झाली नाही.

मला एका बाल आरोग्य केंद्रात आणलं. खिडकीजवळचं टेबल, लसींचा फ्रीज, भिंतीवर वाढीचा तक्ता आणि समोर आयांसाठी एक लांब बाक, एवढीच ती खोली. खोलीच्या मालकीण म्हणजे सिस्टर. कागदोपत्री मालक दुसरे होते, पण ते फक्त कागदोपत्री. सिस्टर रोज सकाळी माझं ताट पुसत, वाकून तबकडीकडे बघत आणि काटा जरा इकडेतिकडे असला तर बाजूचा छोटा स्क्रू फिरवून तो शून्यावर आणत. मग म्हणत, "चला राजे, कामाला लागा."

त्या मला राजा म्हणत. हजारो बाळं मी तोलली. काही माझ्या ताटात झोपली, बरीचशी रडली, आणि काहींनी जे केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ताट पुसता येतं.

माझी तक्रार संध्याकाळबद्दल आहे. त्या खोलीत कपाट लहान होतं. म्हणून केंद्र बंद करताना दिवसभराची रजिस्टरं आणि लस न्यायचा बर्फाचा डबा, सगळं माझ्या ताटावर रचून ठेवायची तिथे पद्धत पडली. बारा किलो! माझी ताकद दहा किलोंची, तबकडीवर ती ढळढळीत लिहिलेली. काटा टोकाला जाऊन अडकायचा आणि सकाळपर्यंत तसाच राहायचा. डॉक्टरबाई जाताना कौतुकाने म्हणत, "भलता दणकट आहे हो हा!" दणकट? स्प्रिंगवर सतत भार राहिला तर ती हळूहळू सैल पडते. ती आकसते, पण पूर्वीइतकी नाही, आणि तेवढ्याच वजनाला जास्त ताणली जाते. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. त्या खोलीत शाळा शिकलेली चार माणसं होती.

आणि तो तपासनीस! तो वर्षातून एकदा यायचा. त्याच्याकडे पितळी वजनांची पेटी असायला हवी होती, आणि ती होतीही, पण त्याच्या कचेरीत. "एवढं ओझं कोण वागवणार?" असं तो म्हणायचा. रिकामं ताट बघायचा, काटा शून्यावर आहे ना याची खात्री करायचा, माझ्या पोटावर 'तपासले' अशी चिठ्ठी चिकटवायचा आणि चहा घेऊन जायचा. माझ्या पोटावर अशा बारा चिठ्ठ्या आहेत. एकही खरी नाही.

मी थकलोय हे मला कसं कळलं? कापसाचा एक किलोचा सीलबंद गठ्ठा कधीकधी ताटावर ठेवला जाई. पूर्वी काटा एकच्या रेघेवर थांबायचा. तेराव्या वर्षी तो दोन रेघा पुढे जाऊन थांबला. म्हणजे किलोमागे शंभर ग्रॅम जास्त! मला घाम फुटायचा बाकी राहिला. मी शून्याला बरोबर होतो, कारण सिस्टर रोज मला शून्यावर आणत. पण शून्य बरोबर असणं वेगळं आणि तीन किलो बरोबर असणं वेगळं. त्याच दिवशी मला काढायला हवं होतं. मुदत उरली होती, पण मी उरलो नव्हतो. हे मी सांगणार कुणाला?

आणखी एक गोष्ट मलाच माहीत होती. पूर्वी सिस्टर बाळ ठेवत तेव्हा काटा एकदा पुढे, एकदा मागे जाऊन थांबे. आता बाळ शेवटच्या दोन बोटांइतकं अंतर एकदम खाली येई, आणि काटा पाच-सहा हेलकावे घेई. सिस्टरांच्या हातांची बोटं बधिर होऊ लागली होती. टेबलाखाली त्या ती चोळत बसत. हातातून पेन पडलं की पेनलाच रागावत. त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या, निवृत्तीला पाच वर्षं होती. आणि डॉक्टरबाई येता-जाता म्हणत, "सिस्टर, तुमच्याशिवाय हे केंद्र एक दिवस चालायचं नाही." असं म्हटल्यावर माणूस बोटं दाखवणार कुणाला?

मग एक बेकरीवाली आली.

तिचं बाळ एकवीस दिवसांचं होतं. बरोबर बाळाची आजी होती. जन्मावेळी दवाखान्यातल्या काट्यावर बाळ दोन किलो नऊशे भरलं होतं. माझ्यावर ते तीन किलो दीडशे भरलं. सिस्टरांनी कार्डावर आकडा लिहिला आणि हसून म्हणाल्या, "छान वाढतोय."

"सिस्टर, मला तो हलका लागतोय," बेकरीवाली म्हणाली. "आधी खूप रडायचा. आता रडतही नाही, नुसता झोपून असतो."

"पहिलटकरणीला सगळं असंच वाटतं."

"तसं नाही. मी रोज कणकेचे गोळे तोडते, हातावर तोलून. तीन किलो म्हणजे केवढे ते माझ्या हाताला कळतं."

"अगं बाई," आजी म्हणाली, "आता लेकराला भट्टीत घालतेस की काय? काट्यापेक्षा तुला जास्त कळतं?"

बाकावरच्या बायका हसल्या. सिस्टरही हसल्या. "माझा राजा चुकत नाही," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मला माझा स्वतःचा काटा मोडून टाकावासा वाटला. ते बाळ खरं तर दोन किलो साडेआठशे होतं. तीन आठवड्यांत वाढण्याऐवजी पन्नास ग्रॅम घटलेलं! माझ्या ताटाला ते कळत होतं, बाळाचे पाय गार होते तेही कळत होतं, आणि माझी तबकडी मात्र सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोलत होती. तेही माझ्या बारा वर्षांच्या पुण्याईवर.

चार दिवसांनी बेकरीवाली परत आली. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात पिशवी. कुणाला काही न विचारता तिने पिशवीतून मैद्याची तीन सीलबंद पाकिटं काढली आणि टेबलावर मांडली. प्रत्येकावर छापलेलं होतं, एक किलो.

"हे काय?" सिस्टरांनी विचारलं.

"ठेवा याच्यावर."

"हे दुकान आहे का बाई?"

"ठेवा ना, सिस्टर. एकदा. मी परत येणार नाही मग."

सिस्टरांनी तिन्ही पाकिटं ताटावर ठेवली. काटा तीनच्या पुढे गेला, सहा रेघा ओलांडल्या आणि तीन किलो तीनशेवर थांबला.

"पाकिटवाले जरा जास्त भरत असतील," सिस्टर म्हणाल्या.

"जास्त भरणारा दुकानदार तुम्ही कधी पाहिलाय?"

यावेळी बाकावर कुणीतरी हसलं, पण लगेच थांबलं. सिस्टरांनी दोन पाकिटं उतरवली. एक किलो शंभर. एक परत चढवलं. दोन किलो दोनशे. सगळी उतरवली. शून्य.

"शून्यावर तर बरोबर येतोय," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"शून्यावर सगळेच बरोबर असतात, सिस्टर."

सिस्टरांनी बाळ घेतलं आणि माझ्यावर ठेवलं. काटा हेलकावे घेत तीन किलो शंभरच्या थोडा खाली थांबला. मग त्यांनी कार्डाच्या मागच्या बाजूला गणित मांडलं. तीनला तीन-तीनशे, तर याला किती? उत्तर आलं, दोन किलो आठशे. त्या खुर्चीत बसल्या. जन्मापेक्षा शंभर ग्रॅम कमी, आणि वय पंचवीस दिवस.

"चला, उठा," त्या दुसऱ्याच क्षणी म्हणाल्या. डॉक्टरबाईंना हाक मारून त्यांनी बेकरीवालीला आणि बाळाला तासाभरात मोठ्या रुग्णालयात धाडलं. बाळाला दूध नीट ओढता येत नव्हतं. इतके दिवस ते दमून झोपत होतं आणि सगळे म्हणत होते, शांत आहे. तिथे त्याला वाटी-चमच्याने दूध पाजलं. तीन आठवड्यांनी ते साडेतीन किलोंचं होऊन आलं, नव्या काट्यावर. मी कोपऱ्यातून पाहिलं. ते मनसोक्त किंचाळत होतं.

त्या मधल्या दिवसांत सिस्टरांनी वर्षभरातली सगळी कार्डं काढली. प्रत्येक घरी निरोप गेला, काही घरी त्या स्वतः गेल्या. आणखी चार बाळं कमी भरली. त्यांच्या आयांपैकी एकीनेही आवाज चढवला नाही, म्हणून सिस्टरांना जास्त लागलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "याची दोन वर्षं आहेत अजून. मुदतीआधी काढायचा तर वर काय कळवू?"

"थकला म्हणून कळवा," सिस्टर म्हणाल्या. "आणि हा माझाही अर्ज."

"अहो, काट्याची चूक तुम्ही कशाला अंगावर घेता? रागाच्या भरात असं करू नका."

"राग नाही. परवा बाळ ठेवताना ताट कुठे आलं ते मला बोटांना कळलंच नाही. सहा महिने झालेत."

"मग औषध घ्या. तुमची पाच वर्षं आहेत अजून."

"याचीही दोन होती."

डॉक्टरबाईंनी अर्ज घेतला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सिस्टरांच्या शेवटच्या दिवशी स्टोअरवाले काका मला न्यायला आले. त्यांनी माझी पट्टी वाचली, ताटावर टिचकी मारली आणि म्हणाले, "नवा कोरा दिसतोय की! मुदत आहे बाकी. लांबच्या केंद्रात पाठवून देतो, त्या बिचाऱ्यांकडे काहीच नाही."

"तो खोटं वजन दाखवतो," सिस्टर म्हणाल्या.

"शून्य तर बरोबर दाखवतोय." काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "कागदावर 'चालू स्थितीत' आहे हा. मी काय करू?"

ज्यांच्याकडे काहीच नाही, त्यांच्याकडे खोटा काटा पाठवायचा! ज्या आईच्या हाताला कणीक तोलायची सवय नाही, तिने काय करायचं?

सिस्टरांनी टेबलाच्या खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला. मला आडवं करून माझ्या पाठीचे चार स्क्रू काढायला घेतले. बोटांतून स्क्रू निसटत, टेबलाखाली जात, त्या वाकून शोधत. काका म्हणाले, "द्या इकडे ताई, मी काढतो."

"नको. हे अजून जमतं मला."

बराच वेळ लागला. शेवटी त्यांनी माझी स्प्रिंग काढली, एकदा उजेडात धरून पाहिली आणि खिशात टाकली. माझा काटा खाली लोंबला. "आता लिहा कागदावर," त्या म्हणाल्या. काकांनी नाक मुरडलं आणि 'बंद' असं लिहिलं. तेरा वर्षांत माझ्याबद्दल लिहिलेली ती पहिली खरी गोष्ट.

स्प्रिंग नसलेला काटा बोलतो कसा, असं विचारू नका. राग ठेवायला स्प्रिंग लागत नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जी वस्तू दुसऱ्याच्या जिवाचं माप सांगते, तिच्यावर आपलं सामान रचू नका. तिची स्तुती कमी करा, तपासणी जास्त करा. आणि तुमच्या घरात किंवा कामाच्या जागी एखादं माणूस मुदतीआधी म्हणालं, "आता माझ्या हातून चूक होईल," तर लगेच "छे, तुम्ही तर अजून ठणठणीत आहात" असं म्हणू नका. त्याला ते म्हणायला किती दिवस लागले असतील, याचा विचार करा. तेवढं खरं सांगणं हे त्याचं शेवटचं चोख काम असतं. ते तरी त्याला पुरं करू द्या.