निळ्या हातांचा दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. आडवा पडून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबका येईल. घराचा दरवाजा उभा असावा हे मलाही कळतं. माझं असं का झालं ते ऐका.

सियाया गावाकडच्या एका ख्रिस्ती कॉलेजच्या सुतारशाळेत, निलगिरीच्या फळ्यांतून मी घडलो. तिथली मुलं दर शनिवारी बस भरून गावांत सेवेला जात. विहीर उपसायची, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची, गाणी म्हणत परतायचं. मनाने वाईट नव्हती. एवढं होऊनही मी ते नाकारणार नाही.

त्या वर्षी त्यांनी दोर्सिलाचं घर बांधायला घेतलं. दोर्सिला विधवा. आमच्याकडे नवरा गेला की दिराने वहिनीला बायको करून घ्यायची आणि त्यानेच तिचं घर बांधायचं, अशी रीत. दोर्सिला प्रभूच्या मार्गात आलेली. तिने ओगोलाला, म्हणजे धाकट्या दिराला, चर्चच्या अंगणात सगळ्यांदेखत नाही म्हटलं. तेव्हापासून तिच्या गळक्या झोपडीवर गवताची पेंढी टाकायला कुणी पुरुष फिरकला नाही.

मुलांची पुढारी म्वेन्द्वा. दूरच्या मुलखातली, कांबा जमातीची पोरगी, बोलायला गोड.

"आई, ही झोपडी आजच पाडू," ती म्हणाली. "याच जागी पत्र्याच्या छपराचं घर उभं करू."

दोर्सिला घुटमळली. "पोरी, आमच्यात एकदा पाडलेलं घर पुन्हा उभारत नाहीत. आणि नवं बांधायला घेतलं की त्याच दिवशी छप्पर घालून त्यात झोपायचं असतं. अर्धं ठेवायचं नसतं."

"जुन्या रीती तू सोडल्यास ना, आई? मग हीच का धरून बसलीस?"

कुंपणाशी उभा ओगोला हसला. "वहिनी, ही शनिवारची माणसं. सोमवारी कोण असतं बघ."

"माझी लेकरं आहेत ती, भावोजी," दोर्सिला म्हणाली.

झोपडी पडली, दोर्सिला शेजारणीकडे राहायला गेली. शनिवारमागून शनिवार मातीच्या भिंती चढल्या. मला चौकटीत बसवलं, तेव्हा प्रत्येकाने निळ्या रंगात हात बुडवून माझ्या अंगावर ठसा उमटवला. फोटो निघाले. खोटं कशाला बोलू, मी फुगून गेलो होतो. अंगणात पत्रे येऊन पडले होते आणि छप्पर पुढच्या शनिवारी चढणार होतं.

पुढच्या शनिवारी बस आली. म्वेन्द्वा दोर्सिलाचा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, परदेशातून पाहुणे येताहेत. त्यांना छप्पर चढताना बघायचंय. इतक्या आत यायला त्यांना वेळ नाही. हे पत्रे मोठ्या रस्त्यावरच्या घराला लावतो, तुला दुसरे आणतो. पुढच्या शनिवारी नक्की."

दोर्सिलाने स्वतः एक टोक धरून ते पत्रे बसवर चढवू दिले. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मग परीक्षा आल्या, मग सुट्ट्या. दर शनिवारी दोर्सिला मला ओल्या फडक्याने पुसायची आणि उंबऱ्यात बसायची. बसचा आवाज आला की उठायची. ती दुसरीच बस असायची. शेजारीण तरी तिला किती दिवस ठेवून घेणार? पाऊस लागला आणि भिंतींची माती ओघळायला लागली, तसा ओगोला आला.

"छप्पर उद्या घालतो, वहिनी. तू फक्त हो म्हण."

कोयत्याने तिने माझ्या बिजागऱ्या उपटल्या आणि दोन भिंतींच्या कोपऱ्यावर मला आडवं टाकलं, रंगाची बाजू खाली. माझ्याखाली ती झोपू लागली.

काल बस आली, नव्या मुलांना घेऊन. म्वेन्द्वा त्यांना सांगत होती, "आणि हे आम्ही बांधलेलं घर."

"दार कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या डोक्यावर," आतून दोर्सिला म्हणाली. "वाकून आत ये, म्वेन्द्वा. हात तुमचेच आहेत."

म्वेन्द्वा वाकली. वर पाहून तिचा चेहरा उतरला. "आई, पुढच्या शनिवारी..."

"शनिवार म्हणू नकोस, पोरी. आज थांबतेस का तेवढं सांग."

बसचा भोंगा वाजला. म्वेन्द्वा रडत रडत गेली. रडली हे खरं, आणि गेली हेही खरं.

आज सकाळी ओगोलाने गवताच्या पेंढ्या कुंपणाशी आणून टाकल्यात. दोर्सिला त्यांच्याकडे बघत बसली आहे. अजून तिने हो म्हटलेलं नाही. म्हटलं तर तिला दोष देऊ नका. ओगोला मला खाली उतरवेल आणि रंधा मारून हे निळे हात काढून टाकेल.

त्याआधी कुणी येणार असाल तर या. फक्त शनिवारची वाट पाहू नका.